आदेशाने नेमलेले स्वयंसेवक: स्काउट चळवळीच्या इतिहासातील एक विसंगती

१/ दरवर्षी दोन दिवशी समाजमाध्यमांवर स्काउटची आठवण निघते. २२ फेब्रुवारी हा बेडन-पॉवेल यांचा जन्मदिन, आणि ७ नोव्हेंबर हा भारत स्काउट्स आणि गाइड्सचा स्थापनादिन. एक गट खाकी गणवेशातील जुनी छायाचित्रे लावून ‘आमच्या वेळची शिस्त’ आठवतो. दुसरा गट ही साम्राज्याची उरलीसुरली कवायत असून ती केव्हाच मोडीत काढायला हवी होती, असे बजावतो. दुसऱ्या दिवशी दोघेही आपापल्या कामाला लागतात.

२/ या वादात एक व्यक्ती कुणालाच दिसत नाही. आठवड्यातून एकदा, बिनपगारी, दुसऱ्यांच्या मुलांबरोबर मैदानावर उभी राहणारी प्रौढ व्यक्ती: स्काउटमास्टर, गाइड कॅप्टन, कबमास्टर, फ्लॉक लीडर. आजचा धागा तिच्याविषयी आहे. माझे प्रतिपादन असे की, ही चळवळ स्वेच्छेने आलेल्या प्रौढांनी उभी केली. आपण ती जागा शासकीय आदेशाने भरू लागलो आणि तेथेच तिचा कणा मोडला. याला जबाबदार शिक्षक नाहीत. जबाबदार आपण, उरलेला सुशिक्षित समाज आहोत.

३/ आरंभापासून पाहू. ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर वीसएक मुलांचे शिबिर झाले. जानेवारी १९०८ पासून ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक पाक्षिक भागांत प्रसिद्ध होऊ लागले. आज जी पायाभूत घटना म्हणून सांगितली जाते ती इथे संपते. खरी रंजक गोष्ट त्यानंतरची आहे. मुलांनी ते भाग विकत घेतले, आपापल्या गल्लीत टोळ्या केल्या, आणि मग आपल्याला एक मोठा माणूस हवा म्हणून शोधायला निघाली.

४/ हा क्रम लक्षात ठेवावा. आधी मुले, मग पुस्तक हाती घेऊन त्यांनी शोधलेला प्रौढ. सप्टेंबर १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे मेळावा भरला तेव्हा सुमारे ११,००० मुले जमली. काही मुलीही स्वतःला स्काउट म्हणवत तेथे आल्या. दोन वर्षांपूर्वी जी गोष्ट एका बेटावरच्या प्रयोगाएवढी होती, ती एवढी वाढली याचे कारण कोणत्याही खात्याचा हुकूम नव्हता. गावोगावी कुणीतरी ‘बरे, शनिवारी येतो’ असे मुलांना म्हटले होते.

५/ या प्रौढाने करायचे काय? याचे सर्वांत नेमके उत्तर रोलंड फिलिप्स या तरुणाने दिले. उमरावाचा हा मुलगा लंडनच्या गरीब ईस्ट एंड भागात स्काउट पथकांचे काम पाहत असे. मुलांचे सहा-आठ जणांचे छोटे संघ, प्रत्येक संघाला मुलांमधलाच संघनायक, आणि पथकाचे निर्णय संघनायकांच्या मानसभेत, ही पद्धत त्याने पुस्तकरूपाने मांडली. ७ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत तो मारला गेला. तेव्हा त्याचे वय २६ होते.

६/ संघपद्धतीचा गाभा हा की, प्रौढाने पुढारीपण मुलांच्या हाती सोपवायचे आणि आपण अर्धे पाऊल मागे राहायचे. तंबू वाकडा उभा राहील, भात करपेल, पायवाट चुकेल. जीवाला धोका नाही तोवर हात घालायचा नाही. ऐकायला सोपे वाटते, करायला फार कठीण आहे. ज्याच्यावर वरून आलेला अहवाल भरण्याचे दडपण आहे, त्याला तर ते जवळजवळ अशक्य आहे. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

७/ पहिल्या महायुद्धात पुरुष स्काउटमास्टर आघाडीवर गेले आणि अनेक पथके स्त्रियांनी चालवली. १९१६ मध्ये लहान मुलांसाठी कब विभाग सुरू झाला. त्याची कल्पनासृष्टी किपलिंगच्या ‘जंगल बुक’वर बेतलेली आहे, म्हणजे नागपूरच्या उत्तरेस असलेल्या शिवनीच्या रानावर. जगभरातील कबमास्टरांना मुले आजही ‘अकेला’ म्हणून हाक मारतात. युरोप-अमेरिकेतील लक्षावधी मुलांच्या तोंडी आपल्याकडचा एक साधा शब्द गेली शंभर वर्षे आहे.

८/ आता आक्षेपकांची बाजू घेऊ, कारण तीत तथ्य आहे. किपलिंग आणि बेडन-पॉवेल दोघेही साम्राज्यवादी होते. १९१९ मध्ये गिलवेल पार्क येथे प्रौढ नेत्यांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि उत्तीर्णांना लाकडी मणी देण्यात येऊ लागले. ते मूळ मणी झुलू राजा डिनिझुलूच्या हारातले, असे सांगण्याची परंपरा आहे. ज्याचे राज्य मोडले त्याच्या गळ्यातील हाराचे मणी स्वयंसेवेचे चिन्ह व्हावेत, याहून वसाहतवादाचे उघड उदाहरण कोणते द्यावे?

९/ भारतातला प्रवेशही तसाच. १९०९ मध्ये बंगळुरू येथे कॅप्टन टी. एच. बेकर यांनी पहिले स्काउट पथक काढले आणि १९११ मध्ये जबलपूर येथे पहिले गाइड पथक निघाले. दोन्ही ठिकाणी दार युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरतेच उघडे होते. भारतीय मुलांना माग काढणे, नकाशा वाचणे, संकेत पाठवणे शिकवले तर उद्या ती क्रांतिकारक होतील, ही धास्ती सरकारला होती.

१०/ येथपर्यंतचा इतिहास आक्षेपक सांगतात आणि थांबतात. पण इतिहास तेथे थांबला नाही. ज्यांच्या तोंडावर दार लावले गेले त्यांनी परवानगीची वाट पाहिली नाही. १९१३ मध्ये शाहजहानपूर येथे श्रीराम बाजपेयी यांनी पुस्तक वाचून स्वतःच भारतीय मुलांचे पथक उभे केले. १९१६ मध्ये ॲनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या साहाय्याने मद्रासेत इंडियन बॉय स्काउट्स असोसिएशन स्थापन केली. त्याच वर्षी त्यांनी होमरूल लीगही काढली, हा योगायोग मानू नये.

११/ तिसरा प्रवाह थेट पुण्यातून निघतो. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाज स्थापन केला. त्या समाजाचे एक सदस्य पंडित हृदयनाथ कुंझरू. १९१५ च्या हरिद्वार कुंभमेळ्यात समाजाने स्वयंसेवकांचे मोठे पथक पाठवले. त्याचे नेतृत्व कुंझरूंकडे होते आणि वैद्यकीय बाजू डॉ. देव सांभाळत होते. ही नोंद गांधीजींच्या आत्मकथेत आहे.

१२/ मेळ्यातील सेवेचा हा अनुभव घेऊन कुंझरू, मदनमोहन मालवीय आणि बाजपेयी यांनी १९१८ च्या सुमारास अलाहाबादेत सेवा समिती बॉय स्काउट्स असोसिएशन उभी केली. हरवलेल्या मुलांना शोधणे, घाटावर बुडणाऱ्यांना वाचवणे, रोगराईत पाणी पोहोचवणे, ही कामे त्यांच्यासमोर होती. गणवेशाचा आराखडा इंग्लंडचा होता. आतले काम मात्र गंगेच्या घाटावर ठरले होते.

१३/ मराठी वाचकाला कुंझरू हे नाव ऐकले की १९५५ चा राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आठवतो, आणि तो रागाने आठवतो. फाजल अली, पणिक्कर आणि कुंझरू यांनी द्विभाषिक मुंबई राज्याची शिफारस केली होती. तो राग समजण्यासारखा आहे. पण गोखल्यांच्या पुण्यातील संस्थेचे १९३६ पासून १९७८ मध्ये मृत्यू येईपर्यंत अध्यक्ष असलेला हा मनुष्य आयुष्यभर मुलांच्या पथकांत रमला होता, हे आपल्या स्मरणात का नाही?

१४/ १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले. बेझंट यांची संघटना मूळ प्रवाहात विलीन झाली. सेवा समितीने बाहेर राहणे पसंत केले. १९३७ च्या भारतभेटीनंतर भारतीयांच्या चारित्र्याविषयी बेडन-पॉवेल यांनी केलेली अवमानकारक विधाने प्रसिद्ध झाली आणि देशभर संताप उसळला. १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन स्थापन झाली. म्हणजे संस्थापकाचा निषेध करून त्याची पद्धत भारतीय प्रौढांनी स्वतःच्या बळावर पुढे चालवली.

१५/ म्हणून ‘स्काउट म्हणजे गोऱ्यांची देणगी’ आणि ‘स्काउट म्हणजे गोऱ्यांची गुलामी’ ही दोन्ही विधाने एकाच चुकीची दोन रूपे आहेत. दोन्हींत कर्ता गोरा साहेब आहे. बाजपेयी, कुंझरू आणि त्यांच्याबरोबर संध्याकाळ खर्च करणारे असंख्य अनामिक कारकून, वकील, विद्यार्थी दोन्हींतून वगळले जातात. वसाहतवादावर टीका करताना वसाहतीतील माणसांचे कर्तृत्वच पुसून टाकायचे, ही कोणती मुक्ती?

१६/ स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संघटनांचे एकीकरण झाले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स अस्तित्वात आली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाइड्सही सामील झाल्या. मौलाना आझाद यांच्या शिक्षण मंत्रालयाचा पाठिंबा होता. कुंझरू आणि बाजपेयी यांच्याबरोबर नागपूर उच्च न्यायालयातील न्यायमूर्ती विवियन बोस यांचाही या एकीकरणात वाटा होता. दिवसभर निकाल लिहिणारा न्यायाधीश संध्याकाळी स्काउटचा स्कार्फ बांधत असे, त्या पिढीची ही गोष्ट आहे. १९५६ मध्ये पचमढी येथे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र सुरू झाले.

१७/ यानंतर चळवळ शाळेत स्थिरावली. त्याचे मोल नाकारणे अन्यायाचे होईल. शाळेमुळे स्काउट-गाइड खेड्यात पोहोचले. ज्या घरांतून मुलीला एरवी मुक्कामी शिबिराला कुणी पाठवले नसते, तेथून ती ‘शाळेचे शिबिर आहे’ म्हणून निघू शकली. इंग्लंडमध्ये जी गोष्ट चर्च आणि मोहल्ल्याने केली, ती येथे जिल्हा परिषदेच्या शाळेने केली.

१८/ परंतु याच टप्प्यावर स्वयंसेवकाची जागा नेमणुकीने घेतली. संघटनेच्या स्वतःच्या व्याख्येत आजही ‘ऐच्छिक, अराजकीय, शैक्षणिक चळवळ’ हे शब्द आहेत. प्रत्यक्षात काय होते ते शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जूनमध्ये कामांचे वाटप होते. ग्रंथालय एकाकडे, सहल दुसऱ्याकडे, आणि ‘स्काउट तुम्ही बघा’ असे सर्वांत नव्या शिक्षकाला सांगितले जाते. त्याची इच्छा विचारण्याची प्रथा नाही.

१९/ त्या शिक्षकाचा दिवस पाहा. वर्ग, तपासणी, शालेय पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणे, निवडणूक, जनगणना. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नेही जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे त्याच्या माथ्यावर कायम ठेवली आहेत. अशा माणसाकडून आपण अपेक्षा करतो की, त्याने रविवारी बावीस मुले घेऊन डोंगरावर जावे, रात्री शेकोटीशी बसावे आणि हे सर्व आनंदाने करावे. का करावे? आपण स्वतः करतो का?

२०/ मग कागदावरची पथके जन्माला येतात. प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार, ही चढती वाट मुळात वर्षानुवर्षांच्या सहवासाची आहे. ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाठींची आकृती पाठ करून उरकली जाते. प्रमाणपत्राला मोल आहे, रेल्वे भरतीत स्काउट-गाइडांसाठी कोटा आहे. त्यामुळे फाइल पूर्ण राहते. मुलगा मात्र एकदाही उघड्यावर झोपलेला नसतो.

२१/ या व्यवस्थेत पहिला बळी जातो तो संघपद्धतीचा. नेमलेला प्रौढ वरच्या कार्यालयाला उत्तरदायी असतो. म्हणून त्याला सरळ रांग हवी, चकचकीत संचलन हवे, पाहुण्यांसमोर न चुकणारी टाळी हवी. मानसभा भरवून मुलांना चुकू देणे त्याला परवडत नाही. मग आपण तेच संचलन पाहून म्हणतो, ‘बघा, ही तर कवायतच!’ आपल्या अनुपस्थितीने जे घडले, त्याचा दोष मूळ कल्पनेला देणे सोयीचे असते.

२२/ ‘उत्तम स्काउट शिक्षकही आहेत’ असे कुणी म्हणेल. नक्कीच आहेत. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्ह्यात असे दोन-चार शिक्षक निघतात, जे स्वतःच्या खिशातून दोर आणि तंबू आणतात. पण ते उत्तम आहेत ते आदेशामुळे नव्हे. आदेश नसता तरी ते आले असते. ते निवृत्त झाले की त्याच शाळेतील पथक बंद पडते. आदेश तर जागेवरच असतो. मग पथक कशावर उभे होते, याचे उत्तर वेगळे देण्याची गरज नाही.

२३/ दुसरा आक्षेप गंभीर आहे: बाहेरच्या प्रौढांच्या हाती मुले द्यायची तर सुरक्षेचे काय? या प्रश्नाला हसून टाळणाऱ्याने पथकाजवळ येऊच नये. अमेरिकेतील बॉय स्काउट्स संस्थेने अपात्र स्वयंसेवकांच्या गोपनीय फाइली अनेक दशके कुलपात ठेवल्या. २०१२ मध्ये ओरेगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे त्यांतील हजारो पाने लोकांसमोर आली. फेब्रुवारी २०२० मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि लैंगिक अत्याचाराचे ८२,००० हून अधिक दावे दाखल झाले.

२४/ हा इतिहास स्वयंसेवेच्या समर्थकांनीच सर्वांत मोठ्याने सांगायला हवा. त्याचा धडा ‘स्वयंसेवक नकोत’ असा नाही. शिक्षक, प्रशिक्षक, नातेवाईक, पुजारी, कोणत्याही नात्यात हा गुन्हा घडतो. धडा असा की, संस्थेची अब्रू मुलांपेक्षा मोठी मानली गेली. एकटा प्रौढ आणि एकटे मूल कधीही नको, किमान दोन प्रौढ हवेत, येणाऱ्याची पूर्वचौकशी हवी, पालकांना कोणत्याही क्षणी येण्याची मुभा हवी. भारतात २०१२ चा पॉक्सो कायदा विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या स्थानावरील व्यक्तीचा गुन्हा अधिक गंभीर मानतो, आणि माहिती असूनही न कळवणाऱ्यालाही दोषी धरतो.

२५/ शिवाय एक व्यावहारिक प्रश्न. दोन प्रौढांचा नियम पाळायचा तर दुसरा प्रौढ आणायचा कोठून? ज्या शाळेत स्काउटसाठी एकच शिक्षक कसाबसा नेमला जातो, तेथे हा नियम कागदावरच राहणार. मुलांची सुरक्षितता हवी असेल तर अधिक प्रौढ हवेत, एकमेकांवर लक्ष ठेवणारे आणि नीट प्रशिक्षित. म्हणजे सुरक्षेचा आक्षेप प्रामाणिकपणे शेवटपर्यंत नेला, तर तो माझ्याच बाजूला येऊन उभा राहतो.

२६/ तिसरा आक्षेप: ‘वेळ नाही.’ महाराष्ट्रात ही सबब नवी आहे. ४ जून १९४१ रोजी पुनर्रचित झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखा कुणी चालवल्या? महाविद्यालयीन तरुणांनी, मास्तरांनी, गिरणीतून सुटून आलेल्या कामगारांनी. विचारसरणी वेगवेगळ्या असतील, पण रोज संध्याकाळी मैदानावर दुसऱ्यांच्या मुलांबरोबर खेळणारा तरुण ही या प्रांताची ओळखीची व्यक्ती होती. ती आज मैदानावर दिसत नाही, समाजमाध्यमांवर मात्र तीच व्यक्ती ‘आजची पिढी बिघडली’ असे लिहिताना आढळते.

२७/ आणि आम्ही, इतिहासाचे विद्यार्थी? ‘पौरुष’, ‘शरीर’, ‘शिस्त’, ‘साम्राज्य’ या संज्ञा वापरून स्काउटवर निबंध लिहिणे आम्हाला उत्तम जमते. ते लेखन आवश्यक आहे. पण ज्या विषयाची चिकित्सा करतो, त्याच्या मैदानावर पाऊल न टाकण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. रोलंड फिलिप्स सव्विसाव्या वर्षी गेला. त्या वयात आम्ही संशोधन आराखड्याची तिसरी दुरुस्ती करत असतो.

२८/ करायचे काय, ते थोडक्यात. पथक शाळेचेच असावे असा नियम नाही. वस्तीचे, सोसायटीचे, वाचनालयाचे खुले पथकही नोंदवता येते. जिल्हा संघटकांकडे चौकशी करावी. आधी बेसिक कोर्स करावा, मग ॲडव्हान्स, आणि मन रमले तर हिमालय वुड बॅज. स्वतंत्र पथक जमत नसेल तर जवळच्या शाळेतील त्या एकट्या शिक्षकाला, मुख्याध्यापकांच्या लेखी संमतीने, ‘मी दुसरा प्रौढ म्हणून येतो’ असे सांगावे. त्याला आजवर असे कुणी म्हटले नसेल.

२९/ शासनाकडे मागणी एकच: स्काउट-गाइडचे काम इच्छा विचारून द्यावे, आणि ज्याने ते घेतले त्याच्या इतर कामांतून तेवढे तास वजा करावेत. अधिक उपक्रम, अधिक परिपत्रके, अधिक दिन साजरे करण्याचे आदेश नकोत. पथकांची संख्या त्यामुळे घटेल, घटू द्यावी. प्रत्यक्ष डोंगर चढणारी दहा पथके फाइलमधील शंभर पथकांपेक्षा मोलाची आहेत.

३०/ १९१३ मध्ये शाहजहानपुरात सरकार प्रतिकूल होते, संघटना नव्हती, प्रशिक्षण नव्हते, आणि पुस्तकही परक्या भाषेतले होते. आज कायदा अनुकूल आहे, केंद्रे आहेत, साहित्य मराठीतही मिळते. मुले तर तेव्हाही होती आणि आताही आहेत. येत्या २२ फेब्रुवारीला छायाचित्र लावणाऱ्यांनी आणि त्यावर टीका करणाऱ्यांनी एवढेच सांगावे: तुमच्या घरापासून सर्वांत जवळचे पथक कोणते, आणि पुढच्या रविवारी तेथे दुसरा प्रौढ कोण असणार आहे?

धागा समाप्त. सहमती असेल त्यांनी पुढे पाठवावा. मतभेद असतील त्यांनी खाली सविस्तर लिहावे, उत्तर अवश्य देईन.